फळ्यावरचे टक्के आणि बारचा वेग

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात त्या फुटबॉलचा, एकेक डाव जेमतेम चार ते सहा सेकंदांत संपतो. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचा लाइनमन समोरच्या तितक्याच वजनदार माणसाला रेटतो, अर्ध्या-पाऊण मिनिटात दम खातो आणि परत रेटायला उभा राहतो. त्याला ताकद हवीच, पण ती झटकन बाहेर पडायला हवी. आणि जिममध्ये वर्षानुवर्षं मोजलं गेलं ते फक्त वजन.

हा खेळ वजनांच्या खोलीत शिरला तो नेब्रास्का विद्यापीठामुळे. १९६९ साली तिथे बॉइड एप्ली या माजी पोल व्हॉल्टरला फुटबॉल संघाची ताकद वाढवायच्या कामावर नेमलं. वजन उचलून खेळाडू जड आणि संथ होतो, असं तेव्हा भलेभले प्रशिक्षक मानत. नेब्रास्काने १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि तो समज मागे पडू लागला. १९७८ मध्ये एप्लींच्याच पुढाकाराने स्ट्रेंग्थ कोचेसची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

त्या पिढीने रुळवलेली पद्धत टक्क्यांची. खेळाडू एकदाच जास्तीत जास्त किती उचलू शकतो ते बघायचं, त्याला वन रेप मॅक्स म्हणायचं (रेप म्हणजे एकदा उचलणं) आणि पुढचे आठवडे त्याच्या ७५, ८०, ८५ टक्क्यांवर आखायचे. कागदावर हे नेटकं दिसतं. पण चाचणी जानेवारीत झालेली असते आणि फळ्यावर ‘८५ टक्के, ३ रेप’ लिहिलेलं असतं मार्चमधल्या मंगळवारी पहाटे सहा वाजता. त्या दिवशी एकाची झोप परीक्षेमुळे चारच तासांची झालेली असते, तर दुसऱ्याची ताकद दोन महिन्यांत बरीच वाढलेली असते. एकाला ते ८५ टक्के प्रत्यक्षात ९२ पडतात, दुसऱ्याला ७८. दोघांचाही सराव चुकतो.

यावरचा मला सर्वात पटलेला उपाय म्हणजे बारचा, म्हणजे वजनं लावलेल्या दांड्याचा, वेग मोजणं. मिसुरी विद्यापीठात ब्रायन मॅन यांनी ही पद्धत कॉलेज फुटबॉलमध्ये रुजवण्यासाठी बरंच काम केलं. जमिनीवर एक डबी ठेवायची, तिच्यातली दोरी बारला अडकवायची. दोरी किती वेगाने ओढली जाते त्यावरून यंत्र दर रेपचा वेग मीटर प्रति सेकंदात दाखवतं. हल्ली रॅकवर, म्हणजे बार टेकवायच्या चौकटीवर, बसवलेले कॅमेरेही हे काम करतात. मूळ नियम साधा: पूर्ण जोर लावूनही बार जितका हळू, तितकं ते वजन त्या दिवशी त्या माणसाला जड.

स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठताना, साधारण ०.५ मीटर प्रति सेकंदाच्या खालचा सरासरी वेग म्हणजे शुद्ध ताकदीचं काम. ०.५ ते ०.७५ या पट्ट्यात भरपूर वजन रेटत गती मिळवायचं काम होतं, आणि ०.७५ ते १ च्या पट्ट्यात ताकद व चपळाई यांची सांगड बसते. त्याच्या वर स्फोटक हालचाली, उड्या आणि हलक्या वजनाची कामं. लाइनमनचा बराचसा ऑफ-सीझन, म्हणजे सामने नसतानाचा काळ, खालच्या दोन पट्ट्यांत जातो. पळत चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला वरच्या पट्ट्यांत लवकर न्यावं लागतं.

प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा आलेख आधी काढून घ्यायचा. अंदाजे ४०, ५५, ७०, ८० आणि ८५ टक्के वजनांवर दोन-तीन रेप, प्रत्येक रेप जीव तोडून वेगात, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. प्रत्येक वजनाचा सर्वोत्तम वेग मांडला की ठिपके जवळजवळ सरळ रेषेत येतात. ती रेषा स्क्वॉटसाठी ०.३ पर्यंत आणि बेंच प्रेससाठी (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) ०.१५-०.१७ पर्यंत वाढवली की वन रेप मॅक्सचा कामापुरता अंदाज मिळतो. खरोखर कमाल वजन पाठीवर चढवायची गरज नाही. रोजची तपासणी तर याहून सोपी. वॉर्मअपचा शेवटचा सेट (सलग रेपची एक फेरी) कायम एकाच वजनाचा ठेवायचा, समजा १०० किलोचा. त्यावर नेहमीपेक्षा ०.०६-०.०७ ने वेग घसरला, तर आजची ताकद सुमारे ५ टक्क्यांनी कमी आहे असं धरून वजन उतरवायचं. ०.०२-०.०३ च्या फरकाकडे लक्ष देऊ नये, तेवढी चूक यंत्राचीही असते.

सेट कधी थांबवायचा हेही वेगच सांगतो. पहिला रेप ०.६० ने गेला आणि मर्यादा २० टक्के घसरणीची असेल, तर ०.४८ दिसताच बार रॅकवर. स्क्वॉटवरच्या आठ आठवड्यांच्या एका प्रयोगात २० टक्क्यांवर थांबणाऱ्यांची ताकद ४० टक्क्यांपर्यंत दमणाऱ्यांइतकीच वाढली, उडी मात्र त्यांची जास्त सुधारली, आणि तेही बऱ्याच कमी रेपमध्ये. चार-सहा सेकंदांच्या खेळासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. सीझन सुरू असताना मी मर्यादा १०-१५ टक्क्यांवरच ठेवायला सांगेन. शनिवारच्या सामन्याने पाय आधीच पिळून निघालेले असतात.

आता गाडी कुठे अडते ते. सर्वात मोठं कारण म्हणजे खेळाडू जोरच लावत नाही. अर्ध्या मनाने उचललेल्या रेपचा आकडा निरर्थक असतो, म्हणून स्क्रीन खेळाडूला दिसेल अशी हवी किंवा साथीदाराने दर रेपचा आकडा मोठ्याने सांगावा. आकडा कानावर पडला की वेग तिथल्या तिथे वाढतो. दुसरी अडचण त्यातूनच येते: आकडा वाढवायच्या नादात स्क्वॉटची खोली कमी होते आणि बेंचवर बार छातीवरून उसळवला जातो. खोली ठरवायला बॉक्स किंवा आडवी दोरी लावा आणि छातीवर बार क्षणभर थांबवायला लावा, नाहीतर तुम्ही फसवणुकीचा आलेख काढत बसाल. दोरी तिरकी गेली तर वेग चुकतो, म्हणून डबी बारच्या बरोबर खाली असावी. एका कंपनीच्या यंत्राचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडू नयेत. क्लीनसाठी, म्हणजे बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांपर्यंत आणण्याच्या व्यायामासाठी, सरासरी वेग सोडून सर्वोच्च वेग बघावा. उंच खेळाडूला बार जास्त वर न्यावा लागतो, म्हणून त्याचा लक्ष्यवेगही जास्त ठेवावा लागतो.

यंत्र परवडत नसेल तर वही-पेन्सिलीवर चालणारी एक पद्धत आहे, आणि माझ्या मते ती अजूनही दुर्लक्षित आहे. तिचं नाव एपीआरई (ऑटोरेग्युलेटरी प्रोग्रेसिव्ह रेझिस्टन्स एक्सरसाइज), म्हणजे जमलेल्या रेपवरून पुढचं वजन ठरवत जाणं. मूळ कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले लष्करी डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांच्या व्यायामोपचारातून आलेली. समजा खेळाडू ६ रेप उचलू शकतो ते वजन २०० पाउंड. पहिला सेट त्याच्या ५० टक्क्यांवर १० रेप, दुसरा ७५ टक्क्यांवर ६ रेप. तिसरा २०० वर, जमतील तितके. तिसऱ्यात २ किंवा कमी रेप झाले तर चौथ्यासाठी ५-१० पाउंड उतरवा. ३-४ झाले तर फार तर ५ उतरवा. ५ ते ७ ला तेच वजन. ८ ते १२ झाले तर ५-१० चढवा. १३ किंवा जास्त झाले तर १०-१५. चौथा सेटही जमेल तितका, आणि त्याच्या रेपवरून याच हिशोबाने पुढच्या आठवड्याचं वजन ठरतं. या सेटना स्पॉटर, म्हणजे बार सावरायला जवळ उभा असलेला साथीदार, हवाच, आणि तंत्र बिघडलं की सेट संपला.

मॅन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली सर्वोच्च विभागातल्या २३ कॉलेज फुटबॉलपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत एपीआरई गटाचा स्क्वॉटचा अंदाजित कमाल आकडा सुमारे २० किलोंनी वाढला, ठरीव टक्क्यांच्या गटाचा ४ च्या आसपास. बेंचवर एपीआरई गटाने साडेनऊ किलो मिळवले, दुसरा गट होता तिथेच राहिला. गट लहान आणि मुदत थोडी, हे लक्षात ठेवूनही फरक दखल घेण्याजोगा आहे.

त्यांचाच २०१६ चा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. परीक्षांच्या आठवड्यांत खेळाडूंच्या दुखापती वाढल्या होत्या, आणि सामन्यांत नियमित उतरणाऱ्यांना तो ताण प्री-सीझन कॅम्पइतकाच जड गेला होता. म्हणून विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक कोचच्या भिंतीवर असलंच पाहिजे. त्या आठवड्यांत सेट निम्मे करा, वजन वॉर्मअपच्या वेगावरून ठरवा.

नुकतंच आलेलं पहिल्या वर्षाचं पोर मात्र यंत्रापासून काही महिने लांब ठेवावं. त्याचा स्क्वॉट दर आठवड्याला वेगळा दिसतो, मग आलेख कशाचा काढणार? त्याला १० रेपवाली एपीआरई द्या: ५० टक्क्यांवर १२, ७५ वर १०, मग दोन सेट जमतील तितके, आणि ९ ते ११ रेप झाले तर वजन तेच. एकाच वजनावर एकसारख्या खोलीचे, एकसारख्या वेगाचे रेप यायला लागले की डबीची दोरी त्याच्या बारला अडकवा.