रुंद स्की आणि लोखंडी पाइप

स्की, म्हणजे बर्फावर घसरायला बुटाखाली लावायची लांब पट्टी, उलटी करून ठेवली, कडेवरून बोट फिरवलं आणि कळलं की ही बर्फाने मोडलेली नाही. पायाच्या बरोबर खाली पोलादी कडेला दोन तडे, तिथेच बाजूची पट्टी सुटलेली, फटीतून आतलं लाकूड दिसतंय. इंदुरात आमच्याकडे दुरुस्तीला बॅटी येतात, रॅकेटी येतात. ही जोडी आली ती कॅनडात व्हिसलरला नोकरी करणारा रामबागेतला मुलगा लग्नाला घरी आला म्हणून. तिकडच्या दुकानदाराने ‘टाकून द्या’ म्हटलेलं. हात न लावता असं सांगणारा कारागीर मला पटत नाही, मग तो कुठलाही असो.

स्कीवर १३८-११२-१२८ छापलेलं. मधला आकडा पायाखालच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. एवढी रुंद स्की खोल, भुसभुशीत बर्फावर तरंगायला करतात. टेरेन पार्कची, म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी केलेल्या मैदानाची, साधारण ८५ ते ९५ची असते आणि तिची कड जाड. तिथे लोखंडी पाइपवर आडवं घसरायचं, म्हणजे सगळा भार पायाखालच्या कडांवर. भुसभुशीत बर्फाच्या स्कीला वजन वाचवायला कड बहुधा पातळ ठेवतात. ती तडकणारच.

“काका, तिकडे सगळेच करतात,” तो म्हणाला. मऊ बर्फात उडी मारून उतरायला हीच स्की उत्तम, हे मलाही मान्य. पाइपचं तसं नाही.

फट आधी पूर्ण वाळू दिली. आत ओल राहिली की गोंद धरत नाही. झटपट सुकणारा इपॉक्सी गोंद टाळला, कारण तो ठिसूळ होतो आणि स्की तर सतत वाकते. सावकाश सुकणारा घेऊन पातळ पात्याने थेट लाकडापर्यंत ढकलला, वर-खाली मेणकागद आणि फळ्या लावून शिकंजे थोडेथोडे आवळले. तडे वेल्ड करता येत नाहीत, उष्णतेने आतला थर सुटतो. कानशीने त्यांचे खरखरीत काठ गुळगुळीत केले. धारदार कड पाइपवर अडकते, म्हणून त्याच्या सांगण्यावरून पायाखालची धारही बोथट केली. कानस चालवताना मनात येत होतं, आपणच याला पाइपवर पाठवतोय.

मग त्याला बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायचा खटका, पुढे सरकवून हवं होतं. या स्कीवर ते मध्यापेक्षा मागे बसवतात, पार्कवाल्यांना मध्याजवळ लागतं. मी नाही म्हटलं. जुन्या भोकांना खेटून नवी पाडली तर स्क्रू धरत नाहीत.

“धार मोडलीत, मग भोकांनीच काय केलंय?” त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. कडेला पुन्हा धार लावता येते, पोखरलेलं लाकूड बुजवलं तरी पहिल्यासारखं घट्ट होत नाही, एवढंच मी सांगितलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.