टॅकिनिड माश्यांमागे माथ्यापर्यंत: पुढे जाणाऱ्यांसाठी

टॅकिनिड म्हणजे ज्यांच्या अळ्या सुरवंटांसारख्या किड्यांच्या अंगात वाढतात अशा माश्या. त्या गोळा करणाऱ्यांना मिळणारा ‘डोंगरमाथ्यावर दिवसभर माश्या मिळतात’ हा सल्ला साफ फसवा. कोवळं ऊन पडलं की टॅकिनिड नर माथ्यावरच्या खडकांवर आणि झुडपांच्या शेंड्यांवर येऊन माद्यांची वाट बघत बसतात. ऊन तापलं की माथा ओस पडतो. दुपारी पोचलात तर चढण फुकट गेली म्हणायची. त्यातून हाती येतात ते जवळजवळ सगळे नरच.

ओळख भिंगाखाली लगेच पटते. पाठीवरच्या स्क्युटेलमच्या (छातीच्या मागच्या टोकाच्या त्रिकोणी तुकड्याच्या) खाली दुसरा फुगीर उंचवटा दिसला तर टॅकिनिड, नाहीतर बहुधा मांसमाशी.

खरा घात होतो तो माश्या मारायच्या बाटलीत. आत दमटपणा साचला की माशी भिजते, राठ केस चिकटतात, अंगावरची रुपेरी भुकटी पुसली जाते. ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे लक्षणांवरून जात ठरवायचे तक्ते, नेमक्या याच दोन गोष्टींवर चालतात. खांद्यावर केस तीन की चार, हेच कळेनासं झालं तर तो नमुना बाद समजा. म्हणून बाटलीत टिपकागदाच्या पट्ट्या घाला, एका वेळी चार-पाचच माश्या टाका आणि मेल्या की लगेच काढा. अल्कोहोलमधून काढून नुसत्या वाळवलेल्या माशीचे डोळे आत बसतात. तो मार्ग सोडाच.

दुसरी घाई त्याच संध्याकाळची. माशी मऊ असतानाच वाकवलेल्या बारीक सुईने नराच्या पोटाचं टोक बाहेर ओढून ठेवा. जवळच्या जाती बऱ्याचदा तिथल्या अवयवांवरूनच वेगळ्या काढता येतात. वाळल्यावर आठवण झाली तर पोटच तोडावं लागतं. ते 10 टक्के गरम कॉस्टिक पोटॅशमध्ये (आतलं मांस विरघळवणारा क्षार) घालून मिनिटामिनिटाला बघा. जास्त उकळलं तर सगळं काचेसारखं होतं, कडा दिसत नाहीत. मग सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये धुवा, ग्लिसरीन घातलेल्या इवल्या कुपीत ठेवा, आणि कुपीही माशीच्याच टाचणीवर. निराळ्या डबीत ठेवलेलं टोक कुणाचं, हे महिन्याभरात कुणालाच सांगता येत नाही.

डीएनए बारकोडसाठी (जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा ठरावीक तुकडा) एक पाय पुरतो. पण त्या तुकड्याची 658 अक्षरांची ओळ वेगळी निघाली एवढ्यावर नवं नाव देऊ नका. टॅकिनिडच्या 8,500च्या वर जाती आधीच नोंदलेल्या आहेत. जुने होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव ठरतं तो) न बघता दिलेलं नाव बरेचदा दुसऱ्याच्या नावाची पुनरुक्ती ठरतं. होलोटाइप एकच नेमा, तो कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहा. वर्णन फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात छापणार असाल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी आधी.

सुरवंट पाळून माश्या काढणं सोपं. फक्त बाहेर आलेली माशी दिवसभर जिवंत ठेवा, नाहीतर सुरकुतते. आणि रिकामा कोष तिच्याच टाचणीवर चिकटवा.