दोन नारळ

बडोदे, पिठोरी अमावास्या

गणपती चार दिवसांवर आले आणि माझा सीन ११ अजून उभा राहत नाहीये. दांडिया बाजारातलं जुनं घर विकायचं की ठेवायचं, यावरून बहीण-भावाचा वाद. साडेचार पानं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, म्हणजे वीस मिनिटांच्या लघुपटात साडेचार मिनिटं दोघं नुसते भांडणार. परवा मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "दोघंही मनातलं सगळं बोलून टाकतात गं. मग मी बघू काय?" तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

सकाळी आईबरोबर खंडेराव मार्केटला गेले. आईने एक नारळ कानाशी धरून हलवला, पिशवीत टाकला. दुसरा हलवला, पण तो हातातच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोदकांना एक पुरेल ना?"

तिला विचारायचं होतं, पुण्याहून दादा येतोय का. जूनपासून दोघांचं धड बोलणं नाही. मी म्हटलं, "दोन घे." तिने दुसराही पिशवीत टाकला आणि नारळवाल्याशी भावावरून हुज्जत घालायला लागली. आवाज एकदम मोकळा.

हा अख्खा सीन होता! काहीतरी हवंय, मागता येत नाही, आणि शेवटी एकाचे दोन झाले. दादाचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

येताना रिक्षा कलाभवनावरून आली. दादासाहेब फाळके इथे शिकले. १९१३ साली त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये मधे मधे पाट्या यायच्या, पण पात्रांना आवाज नव्हता. घरी आल्यावर मी सीन ११ मधले सगळे संवाद खोडले आणि उरलं काय ते पाहिलं. भाऊ खिडकीशी, बहीण दाराशी. बस्स. इतके दिवस मी सीन लिहितच नव्हते, वादविवाद स्पर्धा लिहीत होते.

मग आमच्या जुन्या स्वयंपाकघराचं दार आठवलं. चौकट इतकी बुटकी की नवा माणूस हमखास कपाळ आपटून घ्यायचा. आता भाऊ "विकून टाकू" म्हणत पाणी प्यायला आत जातो आणि न बघता, बोलता बोलता, त्या चौकटीखाली वाकतो. इतक्या वर्षांनी आलाय, तरी मान आपोआप खाली जाते. बहीण ते बघते.

पण हे आधी पेरायला हवं, नाहीतर त्या वाकण्याचा अर्थ कुणाला लागणार? म्हणून सीन ३ मध्ये घर बघायला आलेल्या दलालाचं डोकं तिथेच आपटवलं. प्रेक्षक हसतील आणि विसरतील, तेच हवंय. 'कधी आलास, चहा टाकू का' हे सुरुवातीचं पानभर उडवलं. सीन थेट "विकून टाकू"वर उघडतो. साडेचारचं दीड पान झालं. बहिणीचं शेवटचं वाक्य मात्र अजून सापडत नाही. "नको विकूस" हे तिने म्हणायचं नाही, एवढंच ठरलंय.

आई आत नारळ सोलतेय. मी दोन म्हटलं खरं, पण दादा येणार की नाही हे मलाही माहीत नव्हतं. आता त्याला फोन करते. विचारते, मोदकांखाली घालायला तुझ्याकडे हळदीची पानं मिळतात का.