दोष पिस्तुलाचा की हाताचा? ग्लॉक १७ पारखताना

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात काचेखाली वीस-तीस पिस्तुलं ओळीनं मांडलेली असतात. नवख्याला ती सगळी सख्खी भावंडं वाटतात: काळी, चौकोनी, प्लॅस्टिकच्या मुठीची. त्यातलं चांगलं कोणतं असं विचारलं, की काउंटरमागचा माणूस बहुधा स्वतःच्या कमरेला लावलेल्याचंच नाव सांगतो. म्हणून पारख आपली आपण करावी लागते. ती कशी करतात हे ग्लॉक १७ या ९ मिमी पिस्तुलाच्या पाचव्या पिढीवरून सांगतो. इथल्या जवळपास प्रत्येक नेमबाजीच्या रेंजवर हे पिस्तूल भाड्यानं मिळतं, आणि बाकीची याच मापानं मोजली जातात.

आधी एक गोष्ट, कारण तिच्यात चूक झाली तर पुढचं काहीच कामाचं नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या संघराज्य कायद्यानं बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद थोडे आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्यानं दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ‘जवळ बाळगणं’ यात रेंजवर तासाभरासाठी घेतलेलं पिस्तूलही येतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गाजलेला रेहाइफ खटला अशाच प्रकारचा होता. विद्यार्थी म्हणून आलेल्या आणि विद्यापीठानं काढून टाकल्यावर इथेच राहिलेल्या तरुणानं फ्लोरिडातल्या एका रेंजवर गोळ्या झाडल्या होत्या. ऑफिसातल्या मित्रांबरोबर शनिवारी सहज जाऊ, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ग्रीन कार्ड असलेल्याला ही आडकाठी नाही. विकत घेताना त्याला फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यावर राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत मॅगझिनमध्ये दहाच गोळ्यांची मुभा आहे, त्यामुळे सतरा गोळ्यांचं मूळ मॅगझिन तिथे चालत नाही.

आता पिस्तूल. ‘फुल साइज’ म्हणजे कमरेच्या उघड्या होल्स्टरसाठी बनवलेलं, पूर्ण पंजा मावणारं पिस्तूल. ग्लॉक १७ ची लांबी सुमारे २०० मिलिमीटर, नळी ११४ मिलिमीटर. रिकाम्या मॅगझिनसकट वजन ७०० ग्रॅमच्या आसपास आणि सतरा काडतुसं भरली की ९०० च्या. याउलट पोलादी सीझेड ७५ रिकामं असतानाच किलोभर भरतं. जड पिस्तुलाचा धक्का हाताला कमी जाणवतो, हलकं दिवसभर कमरेवर बाळगायला बरं. दोन्ही फायदे एकत्र देणारं पिस्तूल अजून कोणी बनवलेलं नाही.

हे ऑस्ट्रियाचं अपत्य. १९८२ मध्ये तिथल्या सैन्यानं ते पी८० या नावानं स्वीकारलं. गोळी सुटली की नळी क्षणभर स्लाइडसोबत, म्हणजे वरच्या सरकत्या भागासोबत, मागे जाऊन खाली झुकते आणि मग स्लाइड एकटी मागे जाते. ही युक्ती मात्र अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची, शंभर वर्षांहून जुनी. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात भारतीय सैन्यासाठी बनणारं ९ मिमी पिस्तूलही ब्राउनिंगच्या हाय-पॉवर पिस्तुलाचंच रूप आहे. भारतात ९ मिमी हा सामान्य परवानाधारकाला निषिद्ध बोअर (नळीचं माप), त्यामुळे तिकडे परवान्यावर .३२ इंचीच दिसतं. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल .२२ चं. हलका धक्का, हलका चाप, हाताच्या मापानं घडवलेली लाकडी मूठ. ती जात वेगळी, तिचे निकष इथे लावू नयेत.

दुकानात हातात घेतल्यावर पहिलं काम पिस्तूल रिकामं असल्याची खात्री. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून अडकवायची, कक्षात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आत जातं. ‘रिकामं’ पिस्तूल असंच उडतं.

मग मूठ. अंगठा आणि तर्जनीमधली खोबण जितकी वर बसेल तितकी बसवायची आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर पोचतो का ते पाहायचं. मूठ फिरवून कसंबसं बोट पोचवावं लागलं, तर ते पिस्तूल आपल्या मापाचं नाही. पाचव्या पिढीसोबत मुठीच्या मागे लावायच्या पट्ट्या येतात. आपल्याकडच्या लहान चणीच्या हातांना बहुतेकदा एकही पट्टी न लावलेली मूठच बरी पडते. दुकानातल्या पिस्तुलाला पट्टी लावलेली असेल तर ती काढून द्यायला सांगावं. मॅगझिनचं बटण डावखुऱ्यांसाठी बाजू बदलून बसवता येतं.

एक सोपी चाचणी आहे. भिंतीवरचा एक ठिपका निवडायचा, डोळे मिटायचे, पिस्तूल दोन्ही हातांनी नेमाच्या उंचीला आणायचं आणि डोळे उघडायचे. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत दिसली तर मुठीचा कोन जमला. ग्लॉकची मूठ जरा जास्त तिरकी आहे. सीझेड किंवा कोल्टच्या १९११ ची सवय असलेल्यांना पुढची साइट वर उचललेली दिसते. सरावानं हे जातं, पण दोन्ही पिस्तुलं आलटून पालटून वापरणाऱ्याचा गोंधळ काही जात नाही.

चापाबद्दल लोक फार बोलतात. इथे तो सुमारे अडीच किलोचा: आधी मोकळा प्रवास, मग भिंत लागल्यासारखा अडथळा, मग सुटका. ‘काचेसारखा’ तुटत नाही, आणि सेवेच्या पिस्तुलाला तसा नसलेलाच बरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी सुटल्यावर बोट किती पुढे सोडलं की चाप पुन्हा अडकतो. ते अंतर ग्लॉकमध्ये कमी आणि ‘टक्’ असं स्पष्ट आहे. चापाच्या मधोमध एक पातळ पातं असतं. ते बोटानं दाबलं नाही तर चाप मागे जात नाही. हे पातं दिखाऊ नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिग कंपनीचं पी३२० हे पिस्तूल ठरावीक कोनात मागच्या अंगावर पडलं तर गोळी सुटते, असं पाडून घेतलेल्या चाचण्यांत दिसलं. हातातून पडून थांबताना चापाचे भाग स्वतःच्याच वजनानं मागे सरकत होते. कंपनीनं हलका चाप बसवून देण्याची सोय केली. याच घराण्यातलं एम१७ अमेरिकी लष्करानं त्याच वर्षी जानेवारीत निवडलं होतं, म्हणून गाजावाजा जास्त झाला. पाडून पाहणं हे घरी करायचं काम नाही, पण चापाची ही रचना दुकानात उभ्या उभ्या समजून घेता येते.

ग्लॉकची एक खोड मात्र सांगायला हवी. सुटं करताना चाप दाबावाच लागतो. चाप दाबायचा, स्लाइड जेमतेम तीन मिलिमीटर मागे घ्यायची, दोन्ही बाजूंचे खटके खाली ओढायचे, की स्लाइड पुढे निघते. कक्षात काडतूस राहिलं असेल तर सफाईच्या टेबलावरच बार होतो. बेरेटा ९२ ला किंवा पी३२० ला हे करावं लागत नाही, आणि या मुद्द्यावर ती ग्लॉकपेक्षा सरस आहेत. सुटं केल्यावर हातात चार वस्तू येतात: स्लाइड, नळी, स्प्रिंगची दांडी आणि खालचा सांगाडा. नव्या पिस्तुलात तांब्याच्या रंगाचं वंगण दिसतं, ते पुसू नये. पुढे तेल थेंबाथेंबानं नळीच्या बाहेरून, स्लाइडच्या खोबणींत आणि मागे जिथे चापाची पट्टी घासते तिथे. स्ट्रायकरच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडावर टोला देणाऱ्या दांडीच्या, मार्गात तेल अजिबात नको. तिथे काजळी चिकटते, टोला हलका पडतो आणि काडतूस फुटत नाही. मराठी माणूस शिवणयंत्राला घालतो तसं सढळ हातानं तेल घालतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रेंजवर बंदिस्त जागेत ९ मिमीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. कानात फोमचे बोळे आणि वरून मफ, दोन्ही हवेत.

खरी परीक्षा इथे सुरू होते. तिची सगळी मांडणी एकाच प्रश्नासाठी असते: बिघाड झाला तर दोष कोणाचा? आरोपी चार: पिस्तूल, मॅगझिन, काडतूस आणि हात. म्हणून किमान तीन मॅगझिन घ्यावीत आणि त्यांच्या बुडावर रंगानं १, २, ३ असे आकडे घालावेत. काडतुसं तीन वजनांची घ्यावीत: ११५, १२४ आणि १४७ ग्रेन, म्हणजे साधारण साडेसात, आठ आणि साडेनऊ ग्रॅमची गोळी. झाडणारी माणसं दोन असावीत. वहीत प्रत्येक अडखळ लिहायची: कितवी गोळी, कोणतं मॅगझिन, कोणता डबा, कोणाचा हात. अडखळ मॅगझिनसोबत फिरली तर ते फेकावं. एकाच डब्यासोबत फिरली तर तो माल बदलावा. एकाच माणसाच्या हातात होत असेल तर नाचता येईना अंगण वाकडं. सगळीकडे सारखीच होत असेल, तेव्हाच पिस्तुलाला दोष द्यावा.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकणं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. बहुतेकदा मनगट ढिलं असतं. स्लाइडला मागे जायला सांगाड्याचा टेकू लागतो, आणि हातच मागे सरकला तर तिची धाव अपुरी पडते. हलक्या सांगाड्याच्या पिस्तुलात हे जास्त. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकली नाही, तर आधी उजवा अंगठा पाहावा. मूठ उंच धरणाऱ्यांचा अंगठा स्लाइड अडकवणाऱ्या खटक्यावर टेकतो. काडतूस नाकावर खाली वाकून अडकत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा ओठ. पुंगळी कक्षातच राहत असेल तर ओढणारा आकडा किंवा मळलेला कक्ष. या शेवटच्या प्रकारात मॅगझिनच्या बुडाला थाप मारून स्लाइड ओढण्याची नेहमीची युक्ती चालत नाही, उलट दुसरं काडतूस मागून घुसतं. मॅगझिन काढूनच सोडवावं लागतं.

दोन आवाज ओळखता यायला हवेत. नुसतं ‘टक्’ झालं तर तोंड निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते. आणि ‘फुस्स’ असा दबका बार झाला तर पुढची गोळी झाडायचीच नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यावर दुसरी आदळली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार पाहावी.

नेमकेपणा वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून तपासायचा. अंतर २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. पाच गोळ्यांचे पाच गट, प्रत्येक वजनाचे वेगळे. साध्या काडतुसांनी गट सात ते दहा सेंटीमीटरमध्ये आला तर सेवेच्या पिस्तुलाकडून त्याहून जास्त मागू नये. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील तर साइटला हात लावू नये. मॅगझिनमध्ये मधेच एखादं खोटं काडतूस दुसऱ्याकडून भरून घ्यावं. बार न होता पिस्तूल खाली झुकलं, तर चोर सापडला: बाराआधीच दचकणारा हात.

विश्वासार्हतेसाठी ५०० गोळ्या हा इथला सर्वसाधारण आकडा. पहिल्या दोनेकशेंत एखादी अडखळ माफ, नंतर नाही. स्वसंरक्षणासाठी पोकळ तोंडाची गोळी वापरायची असेल तर निदान शंभर तरी त्याच डब्यातल्या झाडाव्यात, कारण ते रुंद तोंड कक्षाच्या उतारावर अडकू शकतं. ती महाग पडते म्हणून लोक टाळतात, आणि नेमका तोच भाग न तपासता राहतो. नंतर हात साबणानं आणि गार पाण्यानं धुवावेत. शिसं बोटांवरून पोटात जायला एक सँडविच पुरतं.

रेंजची पिशवी वेगळी ठेवावी, तिच्यातून लॅपटॉप नेऊ नये. शिवणीत राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसलं, की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते तिथे कसं आलं हे समजावण्यात पुढची सुट्टी जाते, म्हणून पॅकिंगच्या आदल्या रात्री सगळे कप्पे उलटे करून झटकावेत.