सहयोगी ते आजीव : एका नावाने अडवलेले चार महिने

गेल्या आठवड्यात ओपीडी चालू असतानाच कुरिअरवाला पाकीट देऊन गेला. बाहेर पंधरा पेशंट बसले होते, तरी मी ते आधी फोडलं. आत आजीव सदस्यत्वाचं प्रमाणपत्र होतं. जाड कागद, सोनेरी कडा, आणि माझं नाव एकदाचं बरोबर. आमच्या मावशींनी विचारलं, "कुणाचं लग्न हाय?"

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिच्याकडे माझं अजून काम पडणार आहे. स्त्रीआरोग्याच्या एका उपशाखेतल्या डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना, एवढं पुरे.

पीजी करणाऱ्या मुलींचा सदस्यत्वाच्या पायऱ्यांबद्दल हमखास गोंधळ होतो. सगळ्यात सोपं फॉग्सीचं. १९५० साली झालेला हा देशपातळीवरचा महासंघ गावोगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थांचा आहे, त्यामुळे आपण आपल्या गावच्या संस्थेत जायचं, पुढचं आपोआप होतं. मी कोल्हापुरात असंच केलं, एका संध्याकाळचं काम. आयसीओजी ही फॉग्सीचीच शैक्षणिक शाखा, १९८४ची, तिची फेलोशिप वेगळी. लंडनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची तर गोष्टच निराळी. १९२९ सालच्या त्या कॉलेजात 'मेंबर' हा शब्द ऐकून फी भरली की झालं असं वाटतं, पण एमआरसीओजी, म्हणजे तिथलं मेंबर होणं, ही तीन भागांची परीक्षा. पहिले दोन भाग लेखी, तिसऱ्यात पेशंटशी कसं बोलता-वागता तेही बघतात. फेलो त्याच्याही पुढे. म्हणून कुणी "मी मेंबर आहे" म्हणालं, की कुठली आणि कशी, हे विचारावं. आणि फी भरून मिळालेलं आजीव सदस्यत्व दवाखान्याच्या पाटीवर डिग्रीशेजारी लिहू नका. पेशंटला ती डिग्रीच वाटते.

तर आमच्या या संघटनेत तीन पायऱ्या. पीजी चालू असताना सहयोगी, पास झाल्यावर आजीव, मग फेलो. सहयोगीला मत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, परिषदेची फी मात्र भरावी लागते. मी अकरा वर्षं सहयोगीच राहिले. आधी दवाखाना उभा करण्यात, मग मुलगा लहान म्हणून. यंदा म्हटलं, उरकून टाकू.

अर्जावर सह्या करणारे सूचक-अनुमोदक एकाच सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणसत्रात, मिळाले. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्याला अशा सत्रांचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे आम्ही सगळे तिथे भेटतोच. जेवायच्या आधीच सह्या घ्या, नंतर लोक पांगतात. डिग्रीची प्रत, कौन्सिलचं प्रमाणपत्र, फी, सगळं एका दिवसात गेलं.

नवव्या दिवशी मेल आली : नाव जुळत नाही.

माझं एमबीबीएस आणि पीजी दोन्ही माहेरच्या नावाने. कौन्सिल आणि आधार सासरच्या नावाने. यात नवीन काही नाही, महाराष्ट्रातल्या निम्म्या डॉक्टरणींचं हेच असेल. विवाहनोंदणीचा दाखला आणि राजपत्रातल्या नावबदलाचं पान पाठवलं. पुन्हा तेच : नाव जुळत नाही. कुठलं? ते लिहिलेलं नाही. फोन अकरा ते एकच्या दरम्यान करायचा, म्हणजे नेमका माझ्या ओपीडीत. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा लेबर रूममध्ये एक बाई पूर्ण दिवसांची, कळा जोरात. फोन ठेवला. दुसऱ्यांदा लागला तर सांगितलं, "मॅडम, सिस्टीम घेत नाही." तिसऱ्यांदा दुसऱ्याच बाई. त्यांनी सगळं परत पाठवायला सांगितलं. मी परत पाठवलं. माझ्यासारखा मूर्खपणा करू नका. कागद परत पाठवण्याआधी समोरच्याला स्क्रीनवर काय दिसतंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवायला सांगा. ही युक्ती नवऱ्याने सांगितली. त्याचा गोकुळ शिरगावला कारखाना आहे, त्याचं अर्धं आयुष्य अशा फोनवर गेलंय. मला हे सुचायला दोन महिने लागले.

पाचव्या फोनला त्या बाईंनी वाचून दाखवलं. त्यांच्या नोंदीत माझं नाव, पुढे वडिलांचं नाव, आणि त्यापुढे सासरचं आडनाव! या नावाची बाई जगातल्या कुठल्याच कागदावर नाही.

मग आठवलं. पीजीच्या दुसऱ्या वर्षी एका परिषदेत स्टॉलवरच्या एका पोराने लॅपटॉपवर माझा फॉर्म भरला होता. मी जेवणाच्या रांगेत, ताट हातात, आणि तिथूनच ओरडून नाव सांगत होते. लग्नाला तीन महिनेच झालेले, तोंडात अर्धं माहेर, अर्धं सासर. त्याने ऐकलं तसं टाइप केलं. चूक माझी, मान्य. पण अकरा वर्षं त्याच नावाने परिषदेची फी घेताना कुणाला काही खटकलं नाही, ते?

दुरुस्ती करा म्हटलं, तर ॲफिडेव्हिट पाहिजे. 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं. नोटरी कोर्टापाशी, आणि ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तिथे, सीपीआर रुग्णालयाच्या समोरच्या बाजूला, गाडी लावणं ही एक शस्त्रक्रियाच आहे. दसरा चौकात लावून चालत गेले. नोटरी वकील चष्म्यावरून बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्या सूनबाईचं सिझर तुम्हीच केलंसा न्हवं?" मी हो म्हटलं. नात आता बालवाडीत जाते, फोटो दाखवला, चहा मागवला. आणि मग म्हणाले, "आता आधार द्या. तुम्ही तुम्हीच हाय कशावरनं?" दोघंही हसलो, पण आधार घेतलंच त्यांनी.

ते ॲफिडेव्हिट मराठीत होतं. परत आलं. इंग्रजीत हवं, आणि स्कॅन नको, मूळ प्रत पोस्टाने. आधी सांगितलं असतं तर? पुन्हा दसरा चौक, पुन्हा चहा. स्पीड पोस्टाने पाठवलं, पोचल्याचं ऑनलाइन दिसत होतं, सही कुणाची तरी होती, आणि कार्यालय म्हणतंय आमच्याकडे आलं नाही. अठरा दिवसांनी ते त्यांच्याच 'इतर' नावाच्या फायलीत सापडलं. त्या दिवशी मी ओपीडीत सगळ्यांशी वाईट बोलले. एका पेशंटने तर विचारलं, "मॅडम, माझ्या रिपोर्टात काही वाईट आलंय का?" तिची माफी मागितली.

राहून गेलेलं : ॲफिडेव्हिटच्या दोन मूळ प्रती करा. राजपत्राचं पान अख्खं पाठवा, आपलं नाव असलेला तुकडा कापून नाही. आणि लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे ज्या मुली अजून ठरवताहेत, त्यांनी डिग्रीवरचं नाव सगळीकडे तसंच ठेवलं तर माझ्यासारखी पायपीट वाचेल. सासूबाईंना हे आवडणार नाही. माझ्या सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मग आधीच का नाही ठेवलंस?"

आता फेलोची पायरी. तिथे आजीव सदस्य म्हणून झालेली वर्षं मोजतात, आणि माझी प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून सुरू झाली. सहयोगी म्हणून काढलेली अकरा वर्षं धरता येतील का, म्हणून काल अकरा ते एकच्या दरम्यान फोन केला. पहिल्याच झटक्यात लागला.

"धरता येतील मॅडम," बाई म्हणाल्या. "फक्त त्या नावाचा काही पुरावा आहे का?"

दुसरी मूळ प्रत कपाटात होती. आज पाठवली.