तुम्ही विचारलंत म्हणून: बॉल बाहेर गेला, मग दंड कधी आणि कधी नाही?

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना, बघायला दरवर्षी इथे अमेरिकेत आमच्याकडे मंडळी जमतात. कुणाचे तरी आईवडील ठाण्याहून नाहीतर पुण्याहून आलेले असतात, आणि सामोशांची दुसरी फेरी सुरू झाली की हा प्रश्न येतोच: "अगं, मघाशी लाथ मारून बॉल बाहेर गेला तेव्हा पंचाने दंडाचा पिवळा रुमाल टाकला. आत्ताही बाहेरच गेला की! आता कसा गप्प?" माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या टीमचा किकर, म्हणजे बॉलला लाथ मारणारा, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.

तर त्या दोन किक वेगळ्या. पहिली किकऑफ. सामना सुरू होताना किंवा गुण मिळवल्यावर बॉल समोरच्यांच्या हवाली करायचा असतो. हे देणं आहे, आणि ते नीट द्यावं लागतं. त्यांना बॉल घेऊन पळायची संधी मिळाली पाहिजे. दुसरी पंट. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं असतं. तीन वाया गेले की चौथा सोडून देऊन बॉल लांब मारतात. इथे किंमत आधीच मोजलेली असते, म्हणून बॉल जिथे रेषेबाहेर गेला तिथून समोरच्यांनी खेळायचं, बस्स. उलट त्यांनी राखायच्या रेषेच्या, म्हणजे गोललाइनच्या, अगदी जवळ बाहेर घालवणाऱ्या पंटरची पाठ थोपटतात. त्या कोपऱ्याला इथे 'कॉफिन कॉर्नर' म्हणतात, शवपेटीचा कोपरा!

पंट हवेतूनच बाहेर गेली तर नेमकी जागा कशी ठरवतात, ते एकदा बघाच. रेषेवरचा पंच अंदाजाने जरा पुढे जातो आणि पावलं टाकत मागे येऊ लागतो. किकरच्या मागे उभा असलेला मुख्य पंच बॉलचा मार्ग नजरेत धरून हात वर करून थांबलेला असतो. त्याने हात खाली आणला की पहिला जागच्या जागी थांबतो. तीच जागा. एरवी दोन इंचांसाठीही थांबून मोजणारा खेळ इथे दोन माणसांच्या नजरेवर भागवतो, याची मला फार गंमत वाटते.

किकऑफ मात्र समोरच्या कुणाचा हात न लागता बाहेर गेली की रुमाल पडलाच. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, किक स्वतःच्या ३५ यार्डांवरून (मैदान शंभर यार्डांचं, आणि दोन्ही संघांचे आकडे आपापल्या गोललाइनपासून मधल्या ५० पर्यंत मोजतात). दंड म्हणून समोरच्यांना तिथून २५ यार्ड पुढे, म्हणजे त्यांच्या ४० वर बॉल मिळतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १ फेब्रुवारी २००४ चा ह्यूस्टनचा सुपर बोल घ्या. कॅरोलिना पँथर्सनी २९-२९ अशी बरोबरी केली, जेमतेम एक मिनिट उरलं होतं, आणि त्यांच्या किकरची, जॉन केसेची, किकऑफ बाहेर गेली. न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीला ४० वरून सुरुवात मिळाली. चार सेकंद राहिले असताना त्यांच्या किकरने, विनातिएरीने, फील्ड गोल मारला, म्हणजे खांबांमधून किक मारून तीन गुण. ३२-२९.

आता रेषेचं. सॉकरमध्ये अख्खा बॉल रेषेपलीकडे जावा लागतो. इथे रेषाच बाहेर. आणि बाहेर असलेल्या खेळाडूला बॉल लागला की बॉलही बाहेर. दोरीला पाय टेकलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात बॉल आला की चौकार, तसंच. फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये त्याने क्षेत्ररक्षकाचं नुकसान होतं. २०१६ मध्ये ग्रीन बेच्या टाय माँटगोमेरीने डोकं चालवलं: किकऑफचा बॉल रेषेच्या आत होता, हा पठ्ठ्या रेषेबाहेर अंग टाकून पडला आणि हात लांबवून बॉलला लावला. बॉल बाहेर, दंड किक मारणाऱ्यांना! मला हे थोडं लबाडीचं वाटतं, मुलाला अतिशय आवडतं.

हायस्कूलमध्ये किकऑफ ४० वरून, त्यामुळे तोच २५ यार्डांचा दंड समोरच्यांना त्यांच्या ३५ वर नेऊन ठेवतो. हे आकडे मला पाठ आहेत, कारण गेल्या ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी वारा सुटला होता आणि आमच्या चिरंजीवांची किक उजवीकडे वळत वळत थेट बँडवाल्यांच्या ढोलांपाशी गेली. घरी येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला.

"आई, पंट असती तर टाळ्या पडल्या असत्या."