यॉर्क एका दिवसात: आधी तट, मग बाकी सगळं

इंग्लंडमधल्या यॉर्कला येणारे बहुतेक जण स्टेशनातून निघून तडक शॅम्बल्स ही जुनी गल्ली गाठतात आणि भर दुपारी त्या बोळात अडकतात. क्रम उलटा करा. दिवस पुरतो.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडी साधारण दोन तासांत यॉर्कला पोचते. लवकर काढलेलं ॲडव्हान्स तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण ते त्या एकाच गाडीपुरतं असतं. गाडी चुकली तर ते रद्दीत जातं, म्हणून परतीची गाडी संध्याकाळी सातनंतरची धरा. मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढावं. मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते, त्यामुळे एकदोन फेऱ्यांत कार्डाचे पैसे वसूल होतात.

स्टेशनबाहेर समोरच तट, म्हणजे जुन्या शहराभोवतीची दगडी भिंत, दिसतो. पण त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता (व्हायकिंग लोकांच्या ‘गाता’ या शब्दावरून), आणि ‘बार’ म्हणजे वेस. मिकलगेट हा रस्ता आणि मिकलगेट बार ही त्यावरची वेस. दारू मिळते ती पबमध्ये.

स्टेशनातून उजवीकडे पाचेक मिनिटं चाललं की मिकलगेट बार येतो. तिथे चढून लेंडल पुलाच्या दिशेने निघा. डावीकडे १८७७ सालच्या स्टेशनचं कमानदार छत, समोर मिन्स्टरचे, म्हणजे इथल्या भव्य कॅथेड्रलचे, मनोरे. पुलापाशी तट तुटतो. नदी ओलांडून म्युझियम स्ट्रीटने बूथम बारला जायचं आणि पुन्हा चढायचं. बूथम ते मंक बार हा सगळ्यात देखणा तुकडा. मिन्स्टरच्या मागच्या बागा तिथूनच दिसतात.

पूर्ण तट सुमारे साडेतीन किलोमीटर आहे आणि त्याला दोन तास लागतात. मी मंक बारला उतरायला सांगेन. पुढे फॉस नदीच्या बाजूला तटच नाही, तिथे पूर्वी दलदल होती, आणि तेवढा भाग वाहत्या रस्त्याकडेने चालावा लागतो. आपल्या गडांवर हिंडलेल्यांना ही उंची किरकोळ वाटेल, पण आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका, बाबागाडी तर नकोच. तटावर जायला पैसे पडत नाहीत. सकाळी आठला उघडतो, अंधार पडताना बंद होतो, आणि बर्फ साचला तर उघडतच नाही. डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो, तेव्हा हे सकाळीच उरका.

मंक बारहून मिन्स्टर हाकेच्या अंतरावर. आत जायला तिकीट लागतं. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना सोडत नाहीत, त्यामुळे एकच दिवस हाताशी असेल तर शनिवार बरा. पूर्वेची भव्य खिडकी जॉन थॉर्न्टनने १४०५ ते १४०८ मध्ये घडवली, एकूण ५६ पौंडांत. सृष्टीच्या आरंभापासून प्रलयापर्यंतची कथा काचेच्या तीनशेहून अधिक चौकटींत आहे, पण खालून नुसत्या डोळ्यांनी रंगच दिसतात. छोटी दुर्बीण न्याच. मनोऱ्यावर जायला २७५ पायऱ्या, वेळेचं वेगळं तिकीट, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना मनाई. जिना गोल आणि अरुंद आहे, गुडघेदुखी असेल तर सोडून द्या. तट पाहून झाल्यावर वरून फारसं नवं हाती लागत नाही, असं माझं मत.

जेवणाबाबत एक गोष्ट फार थोडे जण सांगतात. यॉर्कशरमधल्या अनेक फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत तळण गाईच्या चरबीत असतं, म्हणजे नुसते चिप्स घेतले तरी तेच. यॉर्कशर पुडिंगही गोड नसतं. मैदा, अंडं आणि दूध यांचं ते फुगवलेलं पात्र, आणि तेही बऱ्याचदा त्याच चरबीत भाजलेलं. आधी विचारा.

दुपारी तीनला स्टेशनमागचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. प्रवेश फुकट, पाचला बंद. ३ जुलै १९३८ रोजी ताशी २०३ किलोमीटर धावलेलं मॅलार्ड हे वाफेचं इंजिन आणि जपानची बुलेट ट्रेन एकाच छताखाली पाहायला मिळतात. दोन तास कमीच पडतात.

शॅम्बल्स आता, सहानंतर. दुकानं मिटलेली असतात, पण इथे पाहायची ती घरंच. ही खाटकांची गल्ली. वरचे मजले पुढे झुकलेले, त्यांच्या सावलीत मांस लवकर खराब होत नसे. दर्शनी भिंतींवर मांस टांगायचे आकडे आणि खिडक्यांखाली ते मांडायच्या रुंद फळ्या अजून आहेत. दुपारच्या गर्दीत त्या डोक्यांआड जातात. इथून स्टेशन रमतगमत वीस मिनिटं. फक्त पावसाळी आठवड्यात ऊझ नदीकाठची वाट धरू नका, ती पाण्याखाली जाते. पुलावरूनच या.